पोराची चपाती बंद करण्याआधी इथं दाखवा

बेळगावात टिळकवाडीला लहान मुलांच्या पोटविकाराचे एक डॉक्टर आहेत, त्यांच्या दवाखान्याबद्दल लिहितोय. माझं नंदगडला किराणा दुकान. मुलगा सहा वर्षांचा, वजन 14 किलो. पोट फुगलेलं, हातपाय काड्या. दिवसातून चार-पाचदा पातळ, घाण वासाची शी. रक्त कमी म्हणून सहा महिने लोहाचं औषध दिलं, उपयोग शून्य. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली.

आधी दुसऱ्या एका दवाखान्यात सांगितलं, गहू सोसत नसेल, चपाती बंद करा. तीन महिने बंद केली, पोर जरा सावरलं. मग रक्त तपासलं, तर रिपोर्ट चांगला. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हानं आतडं बिघडण्याचा आजार, नाही म्हणाले.

या डॉक्टरांनी तो रिपोर्ट हातात घेऊन पहिलं विचारलं, "रक्त दिलं तेव्हा हा गहू खात होता काय?" नाही म्हटल्यावर कागद बाजूला ठेवला. या आजारात गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं, त्याच्या खुणा रक्तात दिसतात. गहू थांबला की त्या हळूहळू उतरतात. म्हणून परत रोज चपाती खायला घाला, आठ आठवड्यांनी तपासू. चिठ्ठीच्या पाठीमागं चित्र काढून आईला समजेल असं सांगितलं.

ते दोन महिने फार जड गेले. ज्यानं पोर आजारी पडतं तेच हातानं भरवायचं. तो चपातीचे तुकडे ताटाच्या कडेला ओळीनं मांडायचा आणि विचारायचा, "बाबा, आज अर्धीच चालेल?" दवाखान्यातल्या सिस्टर दर शनिवारी फोन करून वजन विचारायच्या. एकही शनिवार चुकला नाही.

मग टीटीजी-आयजीए (रक्तातल्या त्या खुणांची तपासणी) आणि सोबत एकूण आयजीए (त्या प्रकारची रक्तातली सगळी प्रतिपिंडं) तपासलं. आधीच्या वेळी दुसरी तपासणी केलीच नव्हती; आयजीए मुळातच कमी असलं तर पहिली फसवी चांगली येते. आमचा टीटीजीचा आकडा मर्यादेच्या सहा पट आला. दहा पट किंवा जास्त असता तर दुसऱ्यांदा रक्त घेऊन ईएमए नावाची आणखी एक तपासणी करून आतड्याची दुर्बीण टाळता आली असती. इथं टाळता आली नाही. भूल देऊन लहान आतड्याच्या सुरुवातीचे पाच तुकडे काढले. पोराला काही कळलं नाही. तासाभरानं त्यानं बिस्किट मागितलं. निदान पक्कं झालं, सिलिअ‍ॅकच.

तक्रार एकच. नंबर लावूनही तीन तास बसावं लागतं, आणि वर मुलांना पाय पसरायला जागा नाही. सकाळच्या पहिल्या बसनं निघा, जेवणाचा डबा न्या.

आहाराच्या कागदावर टाळायच्या पदार्थांत हिंगाचं नाव होतं. वीस वर्षं मी हिंग विकतोय. त्या रात्री दुकानातली डबी उजेडात धरून वाचली, आत मैदा. गिरणीत गव्हामागून तांदूळ दळला तरी पीठ मिसळतं, म्हणून घरघंटी घेतली. आमच्याकडं भात आणि तांदळाची भाकरी घरोघरी असतेच, त्यामुळं पोराचं अडत नाही. पाच महिन्यांत वजन साडेसोळा झालंय.

भावंडांतही असू शकतं म्हणून थोरल्या मुलीचं रक्त तपासायला सांगितलंय. तिला त्रास काही नाही. मंगळवारी नेतोय, तोवर तिची चपाती चालूच ठेवलीय.