आयपीओआधीचे शेअर विकणारे गोव्यात फिरताहेत, सावध राहा

आयपीओआधीचे, म्हणजे कंपनी शेअर बाजारात येण्याआधीचे, शेअर विकतो म्हणणाऱ्यांच्या फोनवर विश्वास ठेवून एकूण ४,८६,५०० रुपये गेले. २,१०,००० एका देशी इंटरनेट कंपनीच्या अनलिस्टेड (बाजारात नोंद नसलेल्या) शेअरचे, ७०० च्या भावाने ३०० शेअर. २,७६,५०० अमेरिकेतल्या एका नव्या कंपनीत ‘सुरुवातीलाच शिरायचे’. आकडे उघड लिहितोय, कारण फोंडा-मडगावकडे हेच फोन अजून चालू आहेत आणि फसलेले लाजेने गप्प आहेत. जहाजावरच्या नोकरीचे, ट्रक विकून आलेले पैसे एफडीत असलेल्या घरांवर यांची नजर.

हाव सुटली होती असं कोणी म्हणू नये. पहिले २५ शेअर खरोखर डिमॅटला आले, सीडीएसएलचा (डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचा) मेसेज आला, आयएसआयएन (शेअरचा ओळख क्रमांक) जुळला. एवढं झाल्यावर संशय कोण घेणार? गळाला लावलेलं आमिष तेच. रेडिफ ही भारतीय इंटरनेट कंपनी २००० साली नॅस्डॅकवर, म्हणजे अमेरिकेच्या शेअर बाजारात गेली, हे विकणारे सांगतात. त्याच वर्षी १० मार्चला नॅस्डॅकने शिखर गाठलं आणि मग तो कोसळला, हे गिळतात. पेटीएमचा आयपीओ २,१५० ला आला आणि पहिल्याच दिवशी भाव सुमारे २७ टक्के पडला, हेही गिळतात.

खरी खूण आरटीजीएसने (बँकेतून मोठी रक्कम पाठवताना) दिसली होती. बेनिफिशियरी घालताना स्क्रीनवर खातेदाराचं नाव आलं: ना विकणाऱ्याचं, ना कंपनीचं. परराज्यातल्या कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं करंट खातं! ‘ते आमचे पार्टनर’ म्हणे. शेअर ज्याच्या डिमॅटमधून येणार त्याच्याच नावाच्या खात्यात पैसे जायला हवेत. नाव वेगळं दिसलं की तिथेच थांबा.

मग स्टॅम्प ड्युटीचे म्हणून आणखी ४,२०० मागितले. डिमॅट ट्रान्सफरवर ती ०.०१५ टक्के, म्हणजे २,१०,००० वर साडेएकतीस रुपये, आणि ऑफ-मार्केटमध्ये (एक्स्चेंजबाहेरच्या व्यवहारात) ती विकणाऱ्याने भरायची!

परदेशातलं तर उघड थोतांड. बाहेर पैसे पाठवायचे तर बँकेत ए-२ फॉर्म, पॅन, एलआरएसचं (परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेचं) डिक्लरेशन लागतं. लिस्ट न झालेल्या परदेशी कंपनीचे शेअर म्हणजे ओडीआय (परदेशातली थेट गुंतवणूक), त्याला फॉर्म एफसी आणि यूआयएन (त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक) हवा. इथे रुपये आयएमपीएसने गेले आणि हातात एक पीडीएफ ‘सर्टिफिकेट’ आलं. रुपयांत, इथल्याच खात्यात पैसे मागून परदेशी शेअर देणारा चोरच.

आणि यंत्रणा? बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच टाकला. पोलीस म्हणतात, हा दिवाणी वाद, खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे जा. बीएनएसएसच्या (नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते, हे पोलिसांनाच सांगावं लागतं! सेबीच्या ‘स्कोअर्स’ या तक्रार पोर्टलवर नोंदणी नसलेल्या दलालाची तक्रार बसत नाही. मग नोंदणी न करणाऱ्यालाच मोकळं रान. प्रत्येक टेबलावर तोच अर्ज, तीच झेरॉक्स, आणि तेवढ्यात पैसे चार खात्यांतून पुढे. त्या खात्यांवर वेळेत होल्ड लावला (पैसे गोठवले) असता तर काही तरी हाती लागलं असतं. याची चीड पैशांपेक्षा जास्त आहे.

म्हणून पोलीस स्टेशन नंतर. आधी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, यूटीआर (व्यवहाराचा) नंबर हातात ठेवून. व्हॉट्सअ‍ॅपचा सगळा चॅट त्याच वेळी एक्स्पोर्ट करा. समोरचा स्वतःचे मेसेज ‘सगळ्यांसाठी’ डिलीट करायला लागतो.