मिट्टीकूल: दार लावलेला माठ

गुजरातमधल्या वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापतींचा हा विजेविना चालणारा मातीचा फ्रिज म्हणजे शेवटी दार लावलेला माठच. वरच्या कप्प्यातलं पाणी सच्छिद्र भिंतींत झिरपतं आणि त्याची वाफ होताना उष्णता ओढून नेतं, एका लिटरमागे सुमारे 2400 किलोज्यूल. म्हणून सगळा खेळ हवेच्या कोरडेपणावर. अकोल्याच्या उन्हाळ्यात, समजा 40 अंश आणि 20 टक्के आर्द्रता असेल, तर पाणी उडून मिळणारा गारवा जास्तीत जास्त 22 अंशांपर्यंत उतरतो; कप्पा त्याच्या थोडा वरच राहतो. मेथी-कोथिंबिरीला तेवढं पुरे. रत्नागिरीत 32 अंश आणि 80 टक्के दमटपणा असताना तीच मर्यादा 29 वर जाते. तिथे पैसे घालवू नका!

विजेच्या फ्रिजसारखे 4 अंश कुठेच मिळणार नाहीत, त्यामुळे मासळीचा विचारही नको. दूध तापवूनच ठेवा. जागा सावलीतली, वारा खेळणारी, भिंतीपासून वीतभर लांब. बोअरचं जड पाणी घातलंत तर बाहेरून पांढरी खपली धरते, छिद्रं बुजतात आणि गारवा जातो. काथ्याने घासा, साबण नको: माती तो पिते. ऑइलपेंटने नक्षी काढायची हौस तर अजिबात नको.