मगांचं ग्लेझ नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसलं गेलं! बाहेर भट्टीत भाजायला देणाऱ्यांनी वाचा

लांबलचक लिहिणारे, आधीच सांगते. आमच्या मराठवाड्यात घरी मातीची भांडी करणाऱ्या बायका-पोरी आता बऱ्याच दिसतात पण भट्टी कुणाकडंच नसते, सगळ्यांना बाहेर द्यावं लागतं, आणि बाहेर दिलं की तिथं आत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. मला तर अजिबात कळलं नाही. दहा हजार सातशे वीस रुपये दिल्यावर कळलं.

मी अंबाजोगाईची. पुण्याला मावसबहिणीकडं दोन महिने राहून चाक शिकले, येताना एक जुनं इलेक्ट्रिक चाक घेऊन आले, मागच्या पडवीत बसवलं. घरच्यांना वाटलं आठ दिवसांचं खूळ आहे. मागच्या दिवाळीच्या आधी ओळखीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी वास्तुशांतीला पाहुण्यांना द्यायला ४० मग सांगितले, ४५० रुपयाला एक. माझी पहिली मोठी ऑर्डर, मला तर रात्री झोप येईना. फुटतील तुटतील म्हणून ४८ केले, स्टोनवेअरची, म्हणजे जास्त गरम भाजून दगडासारखी घट्ट होणारी, तयार माती मागवून.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, कारण फसवणूक नेमकी इथंच झाली. असे मग दोनदा भाजावे लागतात. पहिल्यांदा कच्चं वाळलेलं भांडं साधारण ९५० ते १००० डिग्रीला भाजायचं, त्याला बिस्क म्हणतात, तेव्हा ते पणतीसारखं होतं, कडक पण पाणी पिणारं. मग त्यावर ग्लेझ लावायचं, म्हणजे पाण्यात कालवलेली काचेची पूड असं समजा, आणि परत भट्टीत. माझ्या मातीला दुसऱ्या वेळी १२२० च्या आसपास लागतात. तेवढ्याला गेलं तरच ग्लेझ वितळून काच होते आणि खालची माती घट्ट होऊन पाणी प्यायची बंद होते. दुसरी भाजणी जास्त गरम, जास्त वेळ खाणारी, म्हणून महाग. आणि महाग म्हणूनच ती चोरायला सोपी!

भट्टीवाला संभाजीनगरला सापडला, एमआयडीसीच्या कडेला शेड, नाव लिहीत नाही. बोलायला एकदम गोड, ताई ताई करून. बाकीच्या ठिकाणी कुणी किलोवर घेतं, कुणी शेल्फवर, कुणी लांबी रुंदी उंची मोजून घनइंचावर, याचा हिशोब एकच, फुल भट्टी. भट्टी आतून २० बाय २० बाय २४ इंच. माझे मग तीन थरांत बसत होते, वरचा एक थर मोकळा राहणार, मी म्हणलं मग तेवढं कमी करा की. तर म्हणला, "ताई, वीज काय तीन थरांचीच लागती का? दुसऱ्याचा माल तुमच्यासोबत लावता येत नाही, तुमचं टेंपरेचर वेगळं." बिस्कचे ३५००, ग्लेझ फायरिंगचे ५५००, आणि ग्लेझ त्याचंच, मगाला ४० रुपये. मला बोलणं पटलं, कारण ते खरंच होतं. वेगळ्या टेंपरेचरचा माल एकत्र लावत नाहीतच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं येतंय.

कच्चे मग घेऊन गेलो ती कहाणी वेगळीच. न भाजलेलं भांडं म्हणजे बिस्किट, बोट दाबलं तरी कान निघतो. चादरी, जुन्या साड्या, भाताचा भुसा, सगळं भरून मिस्टरांनी गाडी काढली, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडून पाचोड, प्रत्येक स्पीडब्रेकरला मी मागं वळून बघणार आणि हे चिडणार. घाटात तर मी एक खोकं मांडीवरच घेतलं. एवढं करून एकही फुटला नाही. बिस्कमधे पाच तडकले. तो म्हणला तुमची भांडी आत ओली होती, ते खरं असू शकतं, मी खोटं बोलणार नाही, घाईत शेवटचे मग नीट वाळले नव्हते आणि आतल्या पाण्याची वाफ झाली की भांडं फुटतंच. राहिले ४३. ग्लेझचे १७२०.

दुसऱ्या भाजणीला मी तिथं थांबले नाही, हीच चूक. बहिणीकडं गेले, सिडकोत. रात्री ९ ला त्याचा व्हॉट्सअॅपवर फोटो आला, भट्टी भरलेली, खाली लिहिलेलं "ग्लेझ फायरिंग चालू करतोय ताई". पहाटे दुसरा फोटो, कंट्रोलरवर, म्हणजे भट्टीचं टेंपरेचर लावायच्या डबीवर, हिरव्या अक्षरात १२२२. मी खुश, हात जोडलेले इमोजी टाकले. मग फोन, दुपारी २ ला घेऊन जा. गेले तर मग टेबलावर मांडून ठेवलेले, निळे आणि चॉकलेटी, चकाचक. हातात घेतले, गार. गूगल पेवर राहिलेले पैसे दिले, बिल मागितलं तर "पुढच्या वेळी एकदमच देतो". आले घरी.

डॉक्टरीणबाईंना पोचते केले, कौतुक झालं, स्टेटसला फोटो ठेवले. मी स्वतः एका मगात एक कप चहा पिऊन बघितला नव्हता. तेवढं केलं असतं तर पुढचं टळलं असतं, पण ऑर्डरचा माल आपण कशाला वापरायचा अशी आपली बुद्धी.

आठव्या दिवशी त्यांचा फोन. आवाज गोडच, पण विषय असा की चहाला पेंटसारखा वास येतोय, आणि मग ठेवला की टीपॉयवर ओला गोल उमटतोय, दोघा-तिघा पाहुण्यांनी सांगितलं. मला घाम फुटला. उरलेल्या तीन मगांतला एक घेतला, उकळतं पाणी ओतलं, वास आला. आतल्या बाजूला नख लावलं तर बारीक पापुद्रा उचलला. ग्लेझ म्हणजे काच, काचेला नखानं पापुद्रा सुटत नाही. मुलगी शेजारी बसून नखं रंगवत होती, तिचंच रिमूव्हर कापसावर घेऊन चोळलं तर कापूस निळा. मगाला खाली बिस्कची पांढुरकी माती, जशी मी त्याला दिली होती तशी. दुसऱ्यांदा भट्टीत काही गेलंच नव्हतं, त्यानं ऑइलपेंट का लॅकर काहीतरी मारून दिलं होतं.

तरी मन मानंना. म्हणलं माझंच काही चुकत असेल. आमच्याकडं बाजाराच्या रस्त्याला एक कुंभारकाका बसतात, संक्रांतीला सुगडं त्यांच्याकडूनच घेतो. त्यांच्याकडं नेला. त्यांनी मग उलटा करून बोटानं टिचकी मारली, कानाजवळ नेला, मग तळ, जिथं रंग नव्हता, तिथं सरळ जीभ लावली.

"ताई, हे कच्चंय की. जिभंला धरतंय बगा."

मी म्हणलं काका १२०० डिग्रीला भाजलंय असं सांगितलं त्यानं. तर म्हणाले, "डिग्री मला कळत नाही. आवाज आयका." आणि स्वतःचा चहाचा चिनी मातीचा कप वाजवून दाखवला, टण्ण, आणि माझा, ठब्. बरं त्यांचा आवा म्हणजे गोवऱ्या, तुराट्या, पाचट, वरून खापरं आणि राख, तिथं ना मीटर ना टेंपरेचर मोजायचं थर्मोकपल, रात्रभर धुराचा रंग बघून ठरवायचं. तो माणूस जिभंवर ओळखतो आणि आम्ही कंट्रोलरचा फोटो बघून हात जोडतो.

घरी येऊन वजनाचं पण केलं. तोच रंग काढलेला मग कोरडा ३१० ग्रॅम, रात्रभर पाण्यात ठेवून पुसून मोजला तर ३४७. म्हणजे जवळपास १२ टक्के पाणी पिला. स्टोनवेअर नीट भाजलं तर २-३ टक्क्यांच्या आत पाहिजे. किचनचा काटा असला तरी घरी होतंय हे.

आता खरी गंमत. दिवाळीच्या आधी बीडला बचत गटांचं प्रदर्शन होतं, तिथं जालन्याच्या एक ताई भेटल्या, लाल मातीच्या पणत्या आणि धुपाटणी करतात. बोलता बोलता निघालं की त्या पण त्याच भट्टीवाल्याकडं देतात. तारीख विचारली. माझ्या बिस्कची होती तीच! फुल भट्टीचे पैसे त्यांनी पण दिले होते, ३५००. मी मोबाईल काढून तो "ग्लेझ फायरिंग"वाला फोटो उघडला, मोठा केला, तर वरच्या थराच्या कोपऱ्यात त्यांच्या पणत्यांची रांग. त्यांनी आपल्या पणतीची चिमटी लगेच ओळखली.

म्हणजे बघा, लाल मातीची पणती ९००-१००० ला भाजतात. ती १२२० ला गेली तर फुगते, वाकडी होते, पार वितळून शेल्फला चिकटते. आणि ताईंच्या पणत्या तर समोर स्टॉलवर मांडलेल्या, एकदम सरळ, छान. मग माझे मग १२२० ला गेले कसे? तो फोटो बिस्कचा होता, दोघींचा माल एकाच वेळी, आणि फुल भट्टीचे पैसे दोघींकडून. तोच फोटो चार दिवस जपून ठेवून मला रात्री ग्लेझचा म्हणून पाठवला! त्यात अजून एक होतं जे मला तेव्हाच दिसायला पाहिजे होतं, मग एकमेकाला खेटून ठेवलेले. बिस्कमधे चालतं, ग्लेझमधे दोन मग टेकले की काच वितळून कायमचे जुळे होतात. मी पुण्यात हे शिकले होते ओ, वहीत लिहिलेलंय माझ्या.

कंट्रोलरच्या फोटोचं कोडं मिस्टरांच्या मित्रानं सोडवलं, तो साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन आहे. म्हणला वहिनी, याच्यावर दोन आकडे असतात, पीव्ही म्हणजे आत्ता आत खरं किती आहे ते, आणि एसव्ही म्हणजे आपण किती लावलंय ते. या फोटोत वरचा आकडा कापलाय, खालचा हिरवा तेवढा दाखवलाय. भट्टी गार असली तरी तिथं १२२२ लावून फोटो काढता येतो. आणि वेळ? रात्री ९ ला लावलेली एवढी भट्टी १२२० ला जायलाच आठ-दहा तास, मग गार व्हायला अख्खा दिवस, घाईनं उघडली तर भांडी तडकतात. दुपारी २ ला गार मग हातात? मला तेव्हा एवढंच वाटलं की किती पटापट काम करतो.

विजेचा हिशोब पण मांडला रागारागात. बारा किलोवॅटची भट्टी, सलग पूर्ण जोरात चालत नाही, तरी ग्लेझच्या एका फायरिंगला सत्तर-ऐंशी युनिट धरा, युनिटला दहा-बारा रुपये धरले तरी हजाराच्या आत-बाहेर. आता ५५०० घेतले म्हणून तो चोर असं मी म्हणत नाही, कॉइल जळतात, शेल्फ तडकतात, त्याची रात्र जाते, जागेचं भाडं असतं, ते पैसे घ्यावेच. पण भट्टी लावून घ्यावेत ना.

फोन केला. पहिल्यांदा "ताई तुमची मातीच बोगस होती". मग "अहो ते लो टेंपरेचर ग्लेझ आहे". लो टेंपरेचरचं ग्लेझ असतं, खरंय, पण ते पण काचच असतं, नेलपॉलिश रिमूव्हरनं निघत नाही, हे सांगितलं तर म्हणला गाडी चालवतोय, नंतर बोलतो. नंतर दोन हजार परत टाकले, न बोलता, आणि ब्लॉक केलं. जालन्याच्या ताईंच्या फोनवरून लावला तर आवाज ओळखून कट.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५, फोन केला. तक्रार नोंदवून घेतात, बोलतात पण नीट, पण पहिला प्रश्न बिल आहे का. नाही. दुकानाचं नाव? बोर्डच नव्हता शेडवर. फक्त गूगल पेचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅप, ते पण पुरावा म्हणून दिलेत. एक वकील म्हणले धंद्यासाठी घेतलेली सेवा म्हणून भट्टीवाला अडवेल, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकटी बाई काम करते तिला कायद्यानं ग्राहक धरता येतं, जिल्हा ग्राहक आयोगात जा, पाच लाखापर्यंत फी पण नाही. अजून गेले नाही. दिवाळीच्या कामात राहिलं, आणि खरं सांगू, लाज वाटते.

डॉक्टरीणबाईंचे १८ हजार परत केले आणि हात जोडून सांगितलं पाहुण्यांना फोन करा, त्यात चहा-दूध काही पिऊ नका. तो रंग कशाचा, त्यात काय काय आहे मला माहीत नाही, आणि लोकं आठ दिवस त्यातून गरम चहा पीत होती, घरात लहान मुलं. पैशापेक्षा हे जास्त लागलं. बाई भल्या, म्हणाल्या पुढच्या वेळी परत तुलाच देईन.

आता पुण्याला देते, लांब पडतं, पण भट्टीत ठेवायला माझे स्वतःचे कोन देते. कोन म्हणजे बोटाएवढे मातीचे सुळके, ठराविक उष्णता मिळाली की वाकतात. माझ्या मातीला ६ नंबरचा. माझ्या मगाशेजारीच ठेवायचा आणि भाजून झालं की तोच वाकलेला कोन मालासोबत परत पाठवायचा, एवढी एकच अट. फोटो नको म्हणलं, कोन पाठवा. तिथली भट्टीवाली मुलगी पहिल्यांदा हसली, आता न सांगता पायमोज्यात गुंडाळून पाठवते. आणि ग्लेझ मी घरीच लावते.

परत आलेले मग पडवीत होते तसेच, फेकवेनात. भोकं पाडली आणि कोरफड, पुदिना लावला. माती पाणी पिते ना, मुळं खूष आहेत, पुदिना तर भांड्याबाहेर आलाय. निळा रंग तेवढा उन्हानं सोलून सोलून पडतोय.