पेठेतले अण्णा, पॅकेजवाले की फ्यूनरल होम? घरात लहान मूल असेल तर

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा रात्री फोन आला. वडील आयसीयूत, डॉक्टरांनी दोन-तीन दिवसांची भाषा केलेली, भाऊ मेलबर्नला, घरात सात वर्षांची मुलगी. "तुमच्याकडे मावशीच्या वेळी ते एजन्सीवाले आले होते ना? नंबर दे गं." नंबर दिला, पण आधी तासभर बोलले. ते बोलणं इथे उतरवते आहे, कारण हा नंबर मागणारी ती काही पहिली नाही.

मी तीन मृत्यू जवळून पाहिले आणि तीनही वेळा व्यवस्था वेगळी होती. सासरे, म्हणजे आबा, सदाशिव पेठेतल्या घरी गेले. तिथे सगळं शेजाऱ्यांनी केलं. मावशी बाणेरच्या सोसायटीत गेली, तेव्हा अंत्यविधीची सेवा देणारी खासगी एजन्सी बोलावली. बहिणीचे सासरे न्यू जर्सीत एडिसनजवळच्या हॉस्पिटलात गेले, आणि तिथे अर्थातच फ्यूनरल होम, म्हणजे देह नेण्यापासून दहनापर्यंत सगळं बघणारी खासगी संस्था. मी तेव्हा तिच्याकडेच होते.

मुंबईकरांना यातलं काहीच नवं वाटायचं नाही. तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना अंडरटेकर, म्हणजे पैसे घेऊन अंत्यविधीची व्यवस्था करणारा, पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, आणि पारशी कुटुंबं डूंगरवाडीच्या, म्हणजे त्यांच्या अंत्यविधीच्या जागेच्या, बंगलीत मुक्कामालाच जातात. आपल्या हिंदू मध्यमवर्गाला मात्र "पैसे देऊन माणसं बोलवायची?" हा प्रश्न अजून टोचतो. मला टोचत नाही. भाऊ मेलबर्नला आणि शेजारचा फ्लॅट भाड्याने दिलेला, तर खांदा द्यायला चार माणसं आणायची कुठून?

पहिले दोन तास

पेठेत आबा पहाटे चारला गेले. सव्वाचारला तळमजल्यावरचे अण्णा स्वेटर घालून दारात उभे. त्यांना यादी तोंडपाठ होती: कळक, सुतळी, मडकं, पांढरं कापड, गोवऱ्या, तूप, कापूर, तुळस, बुक्का. दोन पोरं मयताच्या सामानाच्या दुकानाकडे पिटाळली, एकाला फॅमिली डॉक्टरांकडे पाठवलं, आणि शववाहिकेला स्वतः फोन लावला. आम्हाला कोणी काही विचारलं नाही. ते किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण कोणी काहीच विचारलं नाही, हेच नंतर नडलं. आबांनी नेत्रदानाचा फॉर्म भरला होता. तो कपाटात, विम्याच्या फाइलखाली. नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. आम्हाला आठवण झाली दुपारी, वैकुंठ स्मशानभूमीतून घरी परतल्यावर.

बाणेरला एजन्सीच्या माणसाने आल्या आल्या खिशातून एक छापील कागद काढला. मृत व्यक्तीचं नाव, आधार, मृत्यूची वेळ, जवळचं नातं कोणाचं, डॉक्टरांचा दाखला आहे का, आणि पाचव्या ओळीत: नेत्रदान किंवा देहदानाचा फॉर्म भरलेला आहे का? मला तो कागद बघून रडू आलं, आणि ते मावशीसाठी नव्हतं. घरी मृत्यू झाला की डॉक्टरांकडून नमुना ४अ मध्ये मृत्यूचं कारण लिहून घ्यावं लागतं (हॉस्पिटलात असेल तर नमुना ४ हॉस्पिटल देतं), मग स्मशानाचा पास. हे सगळं तो माणूस करून आला. सोसायटीच्या लिफ्टमध्ये साधं स्ट्रेचर मावत नाही हेही त्याला ठाऊक होतं. त्याने घडीचं आणलं होतं. फ्रीजरची पेटी, शववाहिका, गुरुजी, सगळं एका फोनवर.

एकच गोष्ट खटकली. तिरडी ते तयारच बांधून घेऊन आले. माझा मामा वाई तालुक्यातला, आयुष्यात शंभरेक तिरड्या बांधलेला माणूस. सख्ख्या बहिणीची तिरडी आपण बांधायची, या तयारीने तो सुतळीचा गुंडा पिशवीत घालून एसटीने आला होता. तो गुंडा हातात धरून बाल्कनीत उभा राहिला. आणि मग त्या एजन्सीच्या मुलाने घड्याळ बघत म्हटलं, "अर्ध्या तासात काढावं लागेल, पुढचं एक आहे." मामा त्यांच्याशी शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही.

एडिसनला याच्या बरोब्बर उलट, घाई म्हणून नाहीच. हॉस्पिटलातून फ्यूनरल होमने देह नेला आणि घर एकदम रिकामं. मधे शनिवार-रविवार आला, भटजींची वेळ जुळेना. दहन चौथ्या दिवशी. आपल्याला हे चार दिवस फार जड जातात. घरात देह नाही, दिवा कुठे लावायचा तेही समजत नाही. पण तिथला संचालक दीड तास शांतपणे समोर बसला आणि एकेक पर्याय त्याने समजावला. धोतर आणि उपरणं घरच्यांनी नेसवलं, स्नानही घरच्यांनी घातलं. त्यासाठी त्यांनी एक खोली मोकळी करून दिली. दहनभट्टीची कळ मुलाने दाबली.

पैशांचं

अमेरिकेत १९८४ पासून फ्यूनरल रूल नावाचा केंद्रीय नियम आहे. गेल्यावर छापील दरपत्रक हातात द्यावंच लागतं, फोनवरही दर सांगावे लागतात, आणि थेट दहन करायचं असेल तर शवपेटी घ्याच, अशी सक्ती करता येत नाही. तुमचं कोणी तिकडे असेल तर हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा, कारण दुःखात माणूस समोर ठेवलेल्या कागदावर सही करतो. तिथल्या व्यावसायिक संघटनेच्या २०२३ च्या आकड्यांप्रमाणे अंत्यदर्शन आणि दहन मिळून मध्यम खर्च ६,२८० डॉलर होता, दफनाचा ८,३००. अंत्यदर्शनाचा हॉल आणि देहावर रसायनांची प्रक्रिया नको म्हटलं, तर आकडा बराच खाली येतो. बहिणीकडे ती प्रक्रिया झाली होती. "बाबांना पावडर लावली होती गं," एवढंच ती अजून म्हणते.

आपल्याकडे या सेवांसाठी असा वेगळा नियम नाही. त्यामुळे आकडा फोनवर विचारायचा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून मागवायचा. गुरुजींची दक्षिणा त्यात आहे का, शववाहिकेचं भाडं किती किलोमीटरपर्यंत, पेटी रात्रभर ठेवली तर वेगळे पैसे का, स्मशानातलं शुल्क धरलंय का. मावशीच्या वेळी सांगितलेला आकडा आणि दिलेला आकडा यांत फरक पडला, तो पेटीमुळे. पेठेत खर्च सर्वांत कमी झाला हे खरं, पण अण्णांनी खिशातून दिलेले पैसे त्यांनी कधी सांगितलेच नाहीत. ती परतफेड वेगळ्याच खात्यावर चालते.

मुलं

आता मैत्रिणीचा खरा प्रश्न: मुलीचं काय? इथे पेठ आणि पॅकेज दोघंही नापास, आणि फ्यूनरल होम चांगल्या मार्कांनी पास. असं लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तसंच आहे.

आबा गेले तेव्हा माझा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला पहाटेच शेजारी नेऊन कार्टून लावून दिलं. कोणीतरी सांगितलं, आबा देवबाप्पाकडे गेले. परत आला तेव्हा घरात आबा नव्हते, त्यांच्या जागेवर पिठावर दिवा ठेवून वर टोपली घातलेली. मोठी माणसं सकाळी टोपली उचलून पिठात कसलं पाऊल उमटलंय ते बघत होती. तो मागून टाचा उंच करून बघत होता. कोणी त्याला सांगितलं नाही की आपण काय शोधतोय. अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडल्या तेव्हा त्याला बरोबर नेलं. घाटावर सगळे गप्प असताना तो हात जोडून मोठ्याने म्हणाला, "पुढच्या वर्षी लवकर या!"

लोक हसले, मग रडले, आणि विषय संपला. त्याच्यापुरता तो संपला नव्हता. भाद्रपदात मखर लावताना त्याने विचारलं, आबा गणपतीबरोबर येणार का नंतर?

त्याचं काय चुकलं? पाण्यात सोडलेला देव दरवर्षी परत येतो, हे आपणच शिकवलेलं. मृत्यू कायमचा असतो, देह पुन्हा चालू होत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान कळू लागतं. त्या वयात आपली गोड मराठी फार घोटाळे करते. "गेले" म्हटलं की "कुठे?" येतं. "झोपले" म्हटलं की मूल रात्री झोपायला घाबरतं. "देवाने नेलं" म्हटलं की देवघरासमोर उभं राहायला कचरतं. "मेले" आपल्या तोंडून निघत नाही, मान्य. मग म्हणावं: आबांचं शरीर थांबलं, आता ते श्वास घेत नाहीत, त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही, आणि ते परत येणार नाहीत. जाळण्याचं सांगायच्या आधी "शरीराला आता काही जाणवत नाही" हे सांगणं फार महत्त्वाचं, नाहीतर मुलाच्या डोक्यात फक्त आग राहते.

एडिसनच्या फ्यूनरल होममध्ये एक छोटी खोली होती. रंगीत खडू, कागद, बसक्या खुर्च्या. माझा भाचा दहा वर्षांचा. संचालक गुडघ्यावर बसून त्याला म्हणाला, तुला आजोबांबरोबर काही ठेवायचं आहे का? त्याने आजोबांचं कानाचं मशीन पुढे केलं. ते नसेल तर त्यांना ऐकू कसं येणार? संचालकाने हसून टाळलं नाही. बॅटरी भट्टीत फुटते म्हणून ती चालत नाही, हे नीट समजावलं, आणि मग विचारलं, आजोबांबरोबर तू काय खेळायचास? भाच्याने घरून पत्त्यांचा कॅट आणवला. मेंढीकोट खेळणारे होते दोघं. एक गुलाम त्याने स्वतःकडे ठेवला.

एवढ्यासाठी शिकलेला माणूस लागतो का? लागत नाही. पण तिथे हे कोणाचं तरी काम म्हणून ठरलेलं आहे, आणि आपल्याकडे ते कोणाचंच नाही. तिकडे या गोष्टीला मुळंही आहेत: १९८२ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला डगी सेंटर सुरू झालं, मेंदूच्या गाठीने गेलेल्या एका मुलाच्या नावाने. घरातलं माणूस गमावलेली मुलं वयाप्रमाणे गट करून तिथे एकत्र येतात, खेळतात, वाटलं तर बोलतात. असे गट आता तिथे बऱ्याच शहरांत आहेत, आणि बहिणीला महिन्याभराने फ्यूनरल होमचाच फोन आला, जवळच्या गटाचा पत्ता देण्यासाठी. मी पाहिलेल्या आपल्याकडच्या कुठल्याही पॅकेजात मुलासाठी एक ओळ नव्हती. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं. मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, शाळेला जायचं टाळत असेल तर तिथून सुरुवात करता येते.

तेराव्यानंतर

इथे मात्र पेठ जिंकते, आणि मोठ्या फरकाने. पहिल्या रात्री समोरच्या वहिनींनी पिठलं-भात आणला, कडुलिंबाचं पान तोंडी लावून सगळ्यांना बळेच चार घास खायला लावले. तेरा दिवस आमच्या घरात चूल कोणी पेटवली ते मला नीट आठवतही नाही. सावडायला अण्णा, दहाव्याला अण्णा. कावळा शिवेना तेव्हा "अहो, नातवाच्या मुंजीचं बोला" हे सुचवणारेही अण्णा. एजन्सीचा संबंध मावशीच्या दहाव्याला गुरुजी पाठवून संपला. गुरुजी चोख होते, पण त्यांना मावशीचं नाव दोनदा विचारावं लागलं. एडिसनला मराठी मंडळातल्या बायकांनी डब्यांची ऑनलाइन यादी केली होती, म्हणजे पेठ तिथेही पोचली म्हणायची. अस्थी बहिणीने हातातल्या बॅगेतून आणल्या. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला, वकिलातीचं पत्र, आणि क्ष-किरणांतून आरपार दिसेल असा हलका कलश. पितळेचा नेऊ नका.

कागदपत्रांचं एक: मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची, तेवढ्यात विनाशुल्क होते. उशीर झाला की फी, परवानगी, प्रतिज्ञापत्र. एजन्सी नोंद करून देते का हे आधी विचारा, आणि दाखल्याच्या दहाएक प्रती एकदमच काढा. बँक, पेन्शन, विमा, गॅस, सोसायटी, प्रत्येकाला एक लागते.

मग मैत्रिणीला मी काय सांगितलं? एजन्सी घे. भाऊ येईपर्यंत पेटी लागेल, दाखले लागतील, शववाहिका लागेल, ते सगळं त्यांच्यावर टाक. पण फोनवरच सांग की तिरडी इथे बांधायची, सामान आणा, बांधणार आमचे काका. स्नान घरचे घालतील. दोन तास लागतील, घाई नको, पाहिजे तर जादा पैसे घ्या. आणि मुलीसाठी एक माणूस आत्ताच नेमून ठेव, ज्याला त्या दिवशी दुसरं काहीही काम नाही. तुझी जाऊ चालेल, तिला ती बिलगते. स्मशानात यायचं का हे मुलीला विचार, आणि ती आली तर मधेच "चल घरी" म्हणाल्यावर तिला घेऊन निघणारी तुझी जाऊच असेल. तिथे तू निघू शकणार नाहीस.

तिने सगळं लिहून घेतलं. मग थोडा वेळ काही बोलली नाही.

"तोंड बघू द्यायचं का गं तिला?"

विचार तिला, म्हटलं. हो म्हणाली तर आधी सांग की काय दिसणार आहे. डोळे मिटलेले असतील, नाकात कापूस असेल, तोंडात तुळशीचं पान असेल. आणि हात लावलास तर गार लागेल, हेही सांग.