सारखा चालणारा फ्रिज घ्यावा की थांबून-थांबून चालणारा?

ऐरोली-कोपरखैरण्यातली सिडकोची छोटी घरं असोत की ठाण्यातला वन आरके, फ्रिज आणि झोपणारा माणूस यांच्यामध्ये बऱ्याचदा एखादा पडदाच असतो. त्यामुळे लिटर आणि स्टार यांच्याइतकाच आवाजही बघायला हवा. दुकानाच्या गोंगाटात तो कळत नाही.

साध्या कॉम्प्रेसरला वेग एकच. आतलं तापमान वाढलं की टक् आवाज होतो आणि कॉम्प्रेसर घरघरत सुरू होतो. पुरेसं गार झालं की हलकासा धक्का देऊन थांबतो. मग नळ्यांमधल्या गॅसची गुळगुळ थोडा वेळ ऐकू येते. वर रचलेले स्टीलचे डबे त्या धक्क्याने किणकिणतात आणि लोक मेकॅनिकला फोन लावतात. आधी डबे काढून बघा, पुढचे पाय फिरवून फ्रिज नीट बसवा.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग बदलतो आणि मंद गतीने तासन्‌तास चालतो. ‘हा बंदच होत नाही, महावितरणचं बिल किती येणार?’ ही धास्ती त्यातूनच. पण मंद गतीला वीज कमी लागते. तुलना करायचीच तर तासांची नको, स्टार लेबलवर छापलेल्या वर्षाच्या युनिटांची करा. याची गुणगुण सलग आणि बारीक असते. माझं मत ठाम आहे: झोप मोडते ती अचानक सुरू-बंद होणाऱ्या आवाजाने, सलग आवाजाची सवय होते. मात्र इन्व्हर्टरचं सर्किट बोर्ड गेलं तर दुरुस्ती महाग पडते.

दुसरा प्रश्न फ्रॉस्ट-फ्रीचा, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या फ्रिजचा. त्यात पंखा असतो, त्याची सुं-सुं वेगळी. काही तासांनी कॉम्प्रेसर थांबून हीटर बर्फ वितळवतो, तेव्हा थेंब पडून चुरचुर होते. मग प्लास्टिक आकसताना-फुगताना कट्‌कन वाजतं. रात्री दचकायला होतं, पण यात बिघाड काही नाही. डायरेक्ट कूलमध्ये, म्हणजे बर्फ आपोआप न वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये, सहसा पंखा नसतो, म्हणून तो शांत. पण आपल्या पावसाळी दमट हवेत त्यात बर्फ भराभर साचतो आणि डीफ्रॉस्टचं बटण आठवणीने दाबावं लागतं.

फ्रिजशेजारीच झोपत असाल आणि दोघा-तिघांचंच घर असेल, तर मी सिंगल डोअर डायरेक्ट कूल, पण इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा घ्यायला सांगेन. कुटुंब मोठं आणि स्वयंपाकघर वेगळं असेल तर फ्रॉस्ट-फ्री इन्व्हर्टर. साधा कॉम्प्रेसर फक्त बजेट फारच ताणलेलं असेल तर.

मे महिन्यात, त्यातून आंब्याच्या रसाची पातेली ठेवली की, कुठलाही फ्रिज जास्त वेळ चालतो. बाजू गरम लागतात, कारण बऱ्याच मॉडेलांत उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या तिथेच असतात. भिंतीपासून थोडं अंतर ठेवा.

वीज जाऊन लगेच आली तर साधा कॉम्प्रेसर घुं करून टक्‌कन बंद पडतो. आतला दाब समान झाला की काही मिनिटांनी आपोआप सुरू होतो. पण वीज नीट असताना हेच सारखं होत असेल, किंवा कॉम्प्रेसर अखंड चालूनही दूध नासत असेल, तर मेकॅनिकला बोलवाच. त्याआधी दाराच्या रबरात कागद अडकवून ओढा. सहज निघाला तर गार हवा तिथूनच गळतेय.