प्रोजेक्ट फीडरवॉच: तीन हिवाळ्यांच्या मोजणीनंतर

सकाळी पावणेआठला कार्डिनलचा लालभडक नर आला, दाणे टिपून गेला. दहा मिनिटांनी मादी आली, मातकट अंगाची, चोच तेवढी केशरी. मग वहीत कार्डिनल किती लिहायचे? पहिल्या वर्षी मी दोन लिहिले होते. बरोबर उत्तर एक.

प्रोजेक्ट फीडरवॉच म्हणजे हिवाळ्यात आपल्या अंगणातल्या फीडरवर, म्हणजे दाणे ठेवायच्या भांड्यावर, येणारे पक्षी लोकांनीच मोजायचा उपक्रम. त्याचा नियमच तसा आहे. एका जातीचे, एकाच वेळी नजरेत असलेले जास्तीत जास्त पक्षी मोजायचे. बेरीज करायची नाही, नर-मादी वेगळे ओळखू आले तरीही नाही. आधी मला हे पटेना. मग एक दिवस चिकडीकडे नीट बघत बसले. हा मूठभर पक्षी सूर्यफुलाची एक बी उचलतो, फांदीवर नेतो, पायांत धरून फोडतो, खातो किंवा सालीत लपवतो, की परत हजर. प्रत्येक फेरी मोजली असती तर चार चिकडींच्या दुपारपर्यंत शंभर झाल्या असत्या. एकत्र दिसलेल्यांचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो हे खरं, पण सगळेजण दरवर्षी त्याच पद्धतीने मोजतात, म्हणून यंदाचा हिवाळा दहा वर्षांपूर्वीच्या हिवाळ्याशेजारी ठेवून बघता येतो. या उपक्रमातलं मला सगळ्यात आवडलेलं काही असेल तर हा नियम.

मी मिशिगनमध्ये राहते. अमेरिकेत हा उपक्रम कॉर्नेल लॅब ऑफ ऑर्निथॉलॉजी ही कॉर्नेल विद्यापीठाची पक्षी-अभ्यास संस्था चालवते, कॅनडात बर्ड्स कॅनडा ही संस्था. सुरुवात १९७६ साली कॅनडातल्या ऑन्टारिओत झाली आणि १९८७-८८च्या हिवाळ्यापासून तो दोन्ही देशांत पसरला. हंगाम १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल. अमेरिकेत वर्षाची वर्गणी १८ डॉलर. सलग दोन दिवस मोजायचं, मग निदान पाच दिवस थांबायचं. किती वेळ बसायचं ते आपल्यावर, फक्त तो वेळ, तापमान आणि बर्फाची खोली लिहायची. मी शनिवार-रविवार धरते, चहाचा कप घेऊन मागच्या काचेच्या दारापाशी बसते. डोक्यावरून गेलेला बदकांचा थवा धरायचा नाही. फीडर, पाणी किंवा झाडांच्या ओढीने आपल्या जागेत आलेले पक्षीच मोजायचे.

माहिती वेबसाइटवर किंवा अ‍ॅपवर भरता येते. एकदा मी जंको या चिमणीएवढ्या पक्ष्यांचा आकडा नेहमीपेक्षा बराच मोठा भरला, तर लगेच खात्री करायला सांगितलं गेलं. आपलं लिहिलेलं कुणीतरी तपासतंय याचा मला आनंदच झाला. ओळख पटवण्यासाठीची मदतही उत्तम आहे. डाउनी आणि हेअरी हे दोन सुतार पक्षी दिसायला अगदी सारखे, मला वर्षभर घोळ व्हायचा. आता आधी चोच बघते: डाउनीची आखूड, डोक्याच्या लांबीच्या साधारण एक तृतीयांश, हेअरीची जवळजवळ डोक्याएवढी.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, एक हाउस फिंच, चिमणीएवढा पक्षी, बाकीचे उडून गेले तरी फीडरच्या कडेवर बसून राहिला. उजवा डोळा सुजून मिटलेला, भोवती खपली, आणि तो डोळा दांडीवर घासत होता. दार उघडलं तेव्हा कुठे उडाला, तोही वेडावाकडा. ते बघून पोटात तुटलं. हा डोळ्यांचा जिवाणूजन्य आजार. या फिंचमध्ये तो १९९४ साली वॉशिंग्टन डीसीच्या परिसरात पहिल्यांदा लक्षात आला, तोही फीडरवर मोजणाऱ्या अशाच लोकांच्या. मी आजारी पक्ष्याची नोंद केली, फीडर उतरवला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी करून घासला, कडकडीत वाळवला आणि दोन आठवडे टांगलाच नाही. आता दर पंधरवड्याला धुते. ज्यांना ही धुलाई नको असेल त्यांनी फीडर लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच भांड्यावर पन्नास चोची येतात.

नवीन लोक एका गोष्टीला कंटाळतात, ती म्हणजे रिकामे दिवस. जानेवारीतल्या एका शनिवारी कूपर्स हॉक, आपल्या शिक्र्याच्या कुळातला शिकारी, कुंपणावर येऊन बसला. दोन तास अंगणात चिटपाखरू नाही. तरी मी नोंद भरली: हॉक एक, बाकी काही नाही. फक्त गजबजलेल्या दिवसांचे आकडे पाठवले तर पक्षी आहेत त्यापेक्षा जास्त दिसतील. घटणारी जात कळते ती अशाच रिकाम्या नोंदींमुळे.

इव्हनिंग ग्रोसबीकचं तसंच झालं. १९८८ ते २००६ या काळात तो दिसणाऱ्या फीडरांची संख्या साधारण निम्म्यावर आली, हे याच मोजणीतून कळलं. आमच्या शेजारच्या आजी सांगतात, पूर्वी या पिवळ्या जाडचोचींचा थवाच्या थवा उतरायचा आणि तासाभरात बिया फस्त करायचा. मला तीन हिवाळ्यांत एकही दिसलेला नाही. दर शनिवारी यादीत त्याच्या नावापर्यंत येते, खिडकीबाहेर एकदा बघते, आणि रकाना कोरा ठेवून पुढे जाते.