५२ सीसी ब्रश कटर: केळीच्या बागेत हंगामभर वापरल्यावर, आणि इंजिन उठेना तेव्हा काय बघायचं

रावेर-यावलकडच्या केळीत आणि कपाशीच्या बांधावर हे ५२ सीसीचं टू-स्ट्रोक यंत्र पावसाळाभर आणि पुढे हिवाळ्यात चाललं. कामाबद्दल तक्रार नाही. काँग्रेस गवत, हराळी, बांधावरची झुडपं तीन दातांच्या पात्याने सरळ आडवी होतात. ठिबकच्या नळीपासून पातं हातभर लांब ठेवावं लागतं आणि तासाभराने तळहात बधिर होतात, एवढं धरून चालायचं. खरा प्रश्न चालू होण्याचा आहे, आणि त्यातला बहुतेक दोष यंत्राचा नसून पेट्रोलचा असतो.

पाच-सहा ओढींत इंजिन बोललं नाही तर दोरी सोडा आणि स्पार्क प्लग काढा. प्लग ओला आहे की कोरडा, यावरच पुढची दिशा ठरते. तरीही लोक आधी कार्बोरेटरचे स्क्रू फिरवतात आणि एका बिघाडाचे दोन करून ठेवतात.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचलंय. पहिली ‘फट्’ ऐकू आल्यावरही चोक (हवा अडवणारी झडप) बंदच ठेवून ओढत राहिलं की हमखास असं होतं. स्विच बंद करा, चोक उघडा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून प्लगशिवाय आठ-दहा वेळा दोरी ओढा. आतलं पेट्रोल भोकातून उडतं, म्हणून तोंड बाजूला ठेवा. प्लग पुसून वाळवा आणि मग स्पार्क बघा: प्लग टोपीत बसवून त्याचे आटे सिलिंडरच्या बाहेरच्या धातूच्या पात्यांना टेकवा, पण प्लगच्या भोकापासून लांब आणि सांडलेलं पेट्रोल पुसूनच. स्विच चालू करून दोरी ओढली की निळी, कडक ठिणगी दिसायला हवी. पिवळी, मरगळलेली दिसली तर प्लग बदला. या इंजिनांना बहुधा एल७टी बसतो, गॅप ०.६ ते ०.७ मिमी. नवीन प्लगलाही ठिणगी नसेल तर हँडलवरच्या स्विचची वायर कॉइलजवळ (ठिणगीची वीज तयार करणाऱ्या भागाजवळ) सोडवून पुन्हा बघा. वायर दांड्यावर घासून सोलली गेली की इंजिन कायम ‘बंद’च समजतं. तरीही ठिणगी नाही, तर कॉइल आणि फ्लायव्हील (इंजिनसोबत फिरणारं चुंबकाचं चाक) यांतलं अंतर साधारण ०.३ मिमी, म्हणजे एका व्हिजिटिंग कार्डाएवढं आहे का ते तपासा. तिथे गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने साफ करा.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वरपर्यंत येतच नाही. इथे प्रायमरचा फुगा, म्हणजे दाबून पेट्रोल वर ओढायचा कार्बोरेटरजवळचा रबरी फुगा, खूप काही सांगतो. दाबल्यावर फुगा परत फुगत नसेल तर टाकीतला फिल्टर किंवा ओढीची नळी तुंबली आहे. दाबतानाच कडक लागत असेल तर टाकीकडे परतणारी नळी बंद आहे, किंवा कोणीतरी दोन्ही नळ्या उलट जोडल्या आहेत. आतले बुडबुडे थांबतच नसतील तर नळीला किंवा फुग्याला चीर आहे. उन्हाने नळी कडक होऊन जोडाजवळच तडकते. तेवढाच भाग कापून पुन्हा बसवण्यापेक्षा आख्खी नळी बदललेली बरी.

हे सगळं ठीक असूनही पेट्रोल येत नसेल तर कार्बोरेटरमधला डायफ्राम, म्हणजे पेट्रोल ओढणारा पातळ पडदा, बघा. तो बोटाला मऊ, लवचिक लागायला हवा. कागदासारखा कुरकुरीत झाला की पेट्रोल ओढतच नाही. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं, आणि पाणी जास्त झालं की इथेनॉलसकट पेट्रोलपासून वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, नेमकं फिल्टर असतो तिथेच. म्हणून पावसाळ्यात भरलेल्या टाकीने पुढच्या जूनमध्ये चालू होण्याची अपेक्षा करू नये. काम संपलं की टाकी रिकामी करा, फुगा दाबून नळ्या रिकाम्या करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

मिश्रण २५:१, म्हणजे लिटरला ४० मिली टू-टी ऑईल. वाहनाचं इंजिन ऑईल चालत नाही. ऑईल वाढवलं की प्लग काळा होतो आणि सायलेन्सरची जाळी कार्बनने बुजते. मग इंजिन उठतं आणि दम तोडतं. ऑईल विसरलं तर पिस्टन ओरखडतो, आणि ते नुकसान भरून येत नाही. (बंगल्यातल्या लॉनच्या फोर-स्ट्रोक यंत्राला ओल्या-कोरड्या प्लगची हीच तपासणी लागू पडते, पण त्याचं ऑईल वेगळं असतं, पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत.)

एप्रिल-मेच्या उन्हात गरम इंजिन बंद केल्यावर लगेच उठत नाही. त्याला चोक लावू नका. सावलीत ठेवा, टाकीचं झाकण हळूच सैल करून दाब सोडा, झाकण घट्ट करा आणि मग अ‍ॅक्सिलरेटर थोडा दाबून ओढा. एअर फिल्टरचा स्पंजही तेव्हाच बघा. कपाशीच्या शेतातली धूळ त्याला चिकटून बसते. साबणाच्या पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून बसवा.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी हूं नाही की चूं नाही, आणि दोरी अगदी हलकी, अडथळ्याशिवाय येते, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेलंय. सायलेन्सर काढून भोकातून पिस्टनकडे बॅटरीच्या उजेडात बघा. उभे ओरखडे दिसले तर सिलिंडर, पिस्टन आणि रिंग एकत्रच बदला. नुसती रिंग टाकून पैसे वाया जातात. यावल, फैजपूरसारख्या बाजारात जाण्याआधी जुना पिस्टन सोबत घ्या, कारण ५२ सीसी म्हणून मिळणाऱ्या सुट्या भागांची मापं सगळीकडे सारखी नसतात.